मिरचीचे बाळंतपण

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक उघडणाऱ्या वाचकांची मी आधीच क्षमा मागतो. दिवाळी अंकातले सदर खुसखुशीत असावे असा रिवाज आहे, आणि मी आज लिहिणार आहे ते सरड्याविषयी. बरे, तो सरडाही साधासुधा नव्हे. त्याला नाव आहे, स्वतंत्र बिऱ्हाड आहे, डोक्यावर दिवा आहे आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर तुषार उडवायला माणूस आहे. हातात चकली असेल तर ती आधी संपवा आणि मग पुढे वाचा.

मराठीच्या प्राध्यापकाचा सरड्याशी संबंध येतो तो वाक्प्रचारापुरता. 'सरड्यासारखे रंग बदलणे' आणि 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या दोन गोष्टी मी गेली कित्येक वर्षे वर्गात इतक्या ठामपणे समजावून सांगत आलो आहे, की ऐकणाराला वाटावे, सरड्यांच्या घरी माझे जाणे-येणेच आहे! प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या भिंतीवर बसून मान हलवणारा एक सरडा सोडला, तर त्या जमातीत माझी कोणाशी ओळख नव्हती. ती या उन्हाळ्यात झाली.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत, एडिसन नावाच्या गावी राहतो. तिथे आपल्या लोकांची वस्ती इतकी दाट, की कढीपत्त्यापासून काकडआरतीपर्यंत कशाची उणीव भासू नये. कॉलेजची सुट्टी आणि साठवलेली रजा यांची मोट बांधून आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. भावाचा मुलगा ईशान अकरा वर्षांचा. विमानतळावरून घरी येताच त्याने माझा हात धरला आणि जिना चढवून मला आपल्या खोलीत नेले. "काका, ही मिरची."

खोलीच्या कोपऱ्यात चार फूट उंच आणि दोन-दोन फूट लांबरुंद असा जाळीचा पिंजरा होता. आत झाडेच झाडे. मला आधी काही दिसेना. मग एका पानाला डोळा असल्याचे लक्षात आले. तो डोळा माझ्याकडे वळला. दुसरा डोळा मात्र ईशानकडेच राहिला. एकाच वेळी दोन दिशांना पाहणारे मी आजवर फक्त परीक्षेतले पर्यवेक्षक पाहिले होते.

"अरे वा, शॅमेलिऑन!" मी म्हणालो. आपल्याकडे मराठी पुस्तकांतून असेच छापतात.

ईशान हसून लोटपोट झाला. "काका, कमीलिअन! 'श' नाही, 'क'!"

अकरा वर्षांच्या मुलाने उच्चार सुधारावा याचे मला वाईट वाटले नाही, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. पुढे जे घडले त्यावरून वाटते, की थोडेसे वाटले असावे.

मिरचीची जात आपल्याकडची नव्हे. हिचे मूळ माहेर येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्येकडचा डोंगराळ मुलूख. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उभा तुरा असतो. नर चांगला दीड फुटाच्या पुढे जातो, मादी फूटभराची. आपल्या देशात या कुळातली एकच जात आहे. कोकणात तिला घोयरा म्हणतात, आणि सरडगुहिरा असाही एक भारदस्त शब्द आपल्या भाषेत आहे. हा शब्द मी ईशानला ऐकवला, तेव्हा त्याने तो तीनदा घोळून म्हटला आणि "कूल" असा अभिप्राय दिला. मात्र हे वाचून कोणा बाळगोपाळाने घोयरा पाळण्याचा हट्ट धरला, तर त्याला सांगावे, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. त्याने त्याच्या झाडावर राहावे, आपण आपल्या ब्लॉकमध्ये.

आम्ही पोचल्यानंतर आठवड्याने ईशान दहा दिवसांच्या शिबिराला जायचा होता. जंगलात तंबू, नदीत होड्या, आणि फोन बंद. भाऊ आणि भावजय दिवसभर कचेरीत. तेव्हा मिरचीचा भार काका-काकूंवर आला. त्यासाठी ईशानने तीन संध्याकाळी खपून एक वही तयार केली. तो रविवारी तिथल्या मराठी शाळेत जातो. म्हणून सगळी वही त्याने काकासाठी मराठीत लिहिली होती. वर नाव घातले होते, 'मिरची ची काळजी'.

वाचक हो, आता माझ्या हातून घडलेला अपराध सांगतो. मी वही हातात घेतली, खिशातले लाल पेन काढले आणि ती तपासली. सवय, दुसरे काय! 'मिरची ची' जोडून लिहिले. 'पाणि'ची वेलांटी दुसरी केली. 'पान पासून पिते' हे खोडून 'पानांवरून पिते' केले. एकेचाळीस चुका निघाल्या. समासात मी तो आकडाही लिहिला आणि खाली 'प्रयत्न बरा' असा शेरा मारून वही प्रेमाने परत केली.

ईशानने वही पाहिली. काही बोलला नाही. त्या रात्रीपासून शिबिराला जाईपर्यंत तो माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नाही. "ओके, काका," "शुअर, काका," एवढेच. भावाने मला काही म्हटले नाही. रात्री सौ. मात्र म्हणाली, "इतक्या लांब पेपर तपासायला आला होतात का?"

रविवारी सकाळी ईशान गेला, आणि मी 'मिरचीची काळजी' (जोडून) घेऊ लागलो.

ही काळजी म्हणजे काय प्रकार आहे याची मला कल्पना नव्हती. कुत्र्याला भाकरी टाकली, मांजराला दूध ठेवले, की आपले काम संपते. हिचे तसे नाही. हिला अन्नपाण्याआधी हवामान लागते. पिंजऱ्याच्या माथ्यावर दोन दिवे. एक ऊब देणारा. त्याच्याखालच्या फांदीवर पंच्याऐंशी अंश फॅरनहाइट उष्मा हवा, आणि खाली उतरत जावे तसतसा गारवा, म्हणजे बाईसाहेबांना हवे तिथे बसता येते. दुसरी लांब नळी अतिनील किरणांची. सकाळी सातला दोन्ही लावायचे, संध्याकाळी सातला बंद करायचे. रात्री काळोख हवा, थोडी थंडीही चालते.

पहिल्याच दुपारी मी गोंधळ घातला. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होते आणि वर हे दिवे जळत होते. वीज फुकट जाताना पाहणे हे आपल्या पिढीच्या रक्तात नाही. मी दोन्ही दिवे मालवले आणि खिडकीचा पडदा सारून मिरचीला सूर्यप्रकाश दिला. तासाभराने पाहतो, तर हिरवी मिरची काळपट झालेली. मला वाटले, रागावली. मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर दैनंदिनी लिहायला घेतली होती, तिच्यात तशी नोंदही केली. संध्याकाळी भावाने सांगितले, की खिडकीच्या काचेतून उजेड येतो, पण तिला हवे असलेले किरण काच अडवून धरते. ते किरण मिळाले नाहीत, तर अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसले, की खाल्लेला चुना हाडात मुरत नाही. मग हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. म्हणजे आपल्याकडे मुलांना मुडदूस होतो तसेच! म्हणून ती नळी वर्षभरात बदलावी लागते. ती पेटलेली दिसते, पण तिच्यातला जीव आधीच गेलेला असतो. हे ऐकून मला काही सेवानिवृत्तीला आलेले सहकारी आठवले. त्यांची नावे इथे नकोत.

पाण्याची तऱ्हा तर फारच निराळी. वाटीत पाणी ठेवले तर ही ढुंकून पाहत नाही. पानांवर दव साचते ते प्यायचे, एवढेच तिच्या पिढ्यांना ठाऊक. म्हणून पिंजऱ्याच्या छपरावर एक भांडे ठेवलेले असते आणि त्यातून थेंब थेंब पाणी पानावर पडत राहते. सौ.ने ते पाहिले आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "अहो, ही तर गळती! महादेवाच्या पिंडीवर लावतात तशी." शिवाय सकाळ-संध्याकाळ तुषार उडवायचे, म्हणजे सगळे झाड भिजते. ते पाणी तळाशी साचू द्यायचे नाही. खाली छिद्रे आणि त्याखाली परात. साचले, की घाण झाली, बुरशी आली आणि आजार आला. झाडेही वाटेल ती चालत नाहीत, कारण ही पाने कुरतडून खाते. तेव्हा जास्वंद होती, आणि आपल्याकडे बाटलीत लावतात तो मनी प्लँट. जास्वंदीचे फूल ती लाडूसारखे खाई.

मुख्य जेवण मात्र रातकिड्यांचे. ते दुकानातून डबीत मिळतात. त्यांनाही दोन दिवस गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची, म्हणजे त्यांच्या पोटातले सत्त्व हिच्या पोटात जाते. मग चुन्याच्या भुकटीत त्यांना घोळायचे, अगदी अनारशाला खसखस लावतात तसे, आणि एक दिवसाआड चार-पाच आत सोडायचे. ती फांदीवरून हलत नाही. दोन्ही डोळे प्रथमच एका दिशेला येतात, तोंड किंचित उघडते, आणि अंगाच्या दीडपट लांब जीभ इतक्या झपाट्याने जाऊन परत येते, की आपल्याला दिसते ते फक्त किडा नाहीसा झाल्याचे. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. झोपलेल्या मिरचीला ते चावतात. मी त्यांना परत डबीत भरताना एक निसटला आणि सोफ्याखाली राहून सलग तीन रात्री गात होता. सौ. म्हणाली, "आजोळी असल्यासारखे वाटते हो." तिला छान झोप लागली. मला लागली नाही.

सफाई रोजची. विष्ठा टिपून घ्यायची, पाने पुसायची, मेलेले किडे काढायचे. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक. तो नारिंगी दिसला तर पाणी कमी पडते आहे असे समजायचे. मी रोज सकाळी चष्मा लावून, भविष्य वाचावे तसा तो भाग वाचत असे. आणि एवढे सगळे करून तिला हात मात्र लावायचा नाही. हिला कोणाचा सहवास नको. दुसरा सरडा शेजारी नको, आरशात स्वतःचे तोंडही नको. ते पाहिले तरी ती घाबरते. तिची बसायची फांदी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच हवी, कारण वरून येणारा तो शत्रू, अशी तिची समजूत आहे. शाळेत आम्ही मास्तरांविषयी तीच समजूत बाळगून होतो.

बुधवारी सौ. तुषार उडवायला गेली आणि मला हाक मारली. "अहो, हिच्या अंगावर निळे-पिवळे ठिपके आले आहेत. आणि पोट पाहिलेत का?"

"खाल्ले असेल."

"खाल्लेले पोट असे नसते. हिला दिवस गेले आहेत."

मी प्राध्यापकी आवाजात समजावले, की ही एकटीच आहे, नराचे तोंडही तिने पाहिलेले नाही, तेव्हा ही गोष्ट अशक्य. सौ. शांतपणे म्हणाली, "कोंबडी नाही का देत अंडी?" वादविवाद मंडळाचा मी अध्यक्ष आहे, पण मला उत्तर सुचले नाही.

गुरुवारी मिरचीने अन्न सोडले. फांदीवरून उतरून ती तळाशी फिरू लागली आणि कोपऱ्यात नखांनी खरवडू लागली. 'धाव कुंपणापर्यंत' म्हणतात ती हीच, असे मला वाटले. बाहेर पडायला पाहते आहे! मी तिला उचलून वरच्या फांदीवर बसवले. ती पुन्हा उतरली. मी पुन्हा बसवले. तीनदा हे झाले. तिसऱ्यांदा ती माझ्यावर फुसफुसली आणि तिचे तोंड सताड उघडे राहिले. पायांची पकड चिमट्यासारखी असते तिची, दोन बोटे एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. माझ्या मनगटावर त्या पकडीचे वळ उठले.

शुक्रवारी सकाळी सौ.ने माझ्या हातातून वही घेतली. शेवटचे पान काढले आणि मोठ्याने वाचले. "जर ती खाली आली आणि खणायला लागली, तर बादली ठेवा. बादली आणि वाळू गॅरेज मधे आहे. वाळू ओली करा. एक फूट. आणि बघु नका. तिने तुम्हाला बघितलं तर ती थांबेल. थांबली तर ती मरू शकते."

'गॅरेज मधे' जोडून मी 'गॅरेजमध्ये' केले होते. 'बघु'चा उकार दुसरा केला होता. पानावर लाल शाईच्या दोन खुणा होत्या. म्हणजे मी ते पान अक्षर न् अक्षर वाचले होते, आणि त्यातले एक वाक्यही माझ्या डोक्यात शिरले नव्हते!

मी गॅरेजकडे धावलो. बादली होती, वाळूची पिशवी होती, मोजायला एक काठी होती, आणि तिच्यावर एका फुटाची खूण केलेली होती. अकरा वर्षांच्या पोराने सगळे मांडून ठेवले होते. मुठीत दाबली तर गोळा राहील इतपत वाळू भिजवली. अशी भिजवली म्हणजे बोगदा ढासळत नाही. बादली आत ठेवली. सौ.ने आपल्या दोन जुन्या सुती साड्या आणून पिंजऱ्याला चहूबाजूंनी पडदा केला. "बाळंतिणीच्या खोलीला पडदा हवाच," ती म्हणाली.

अंडी अडली तर हा प्राणी दगावतो. पोटात अंडी तयार होतात ती नर असो वा नसो, पण घालायला मनाजोगती जागा आणि एकांत मिळाला नाही, तर ती धरून ठेवते. आणि असा एकांत गुरुवारी तिने तीनदा मागितला होता. मी तीनदा तिला फांदीवर नेऊन बसवले होते.

संध्याकाळी पडद्याआड वाळू उकरल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही जिन्यात बसून ऐकत होतो. शनिवारी सकाळी पुन्हा आवाज सुरू झाला, आणि मी साडीची कड बोटभर बाजूला केली. एकदाच. फक्त खात्री करायला. बादलीतून एक गोल डोळा वर आला आणि थेट माझ्या डोळ्याला भिडला.

आवाज थांबला. तो शनिवारी पुन्हा आला नाही.

दुपारी सौ.ने पडद्याच्या वरच्या फटीतून पाहिले. मिरची वाळूवर पडून होती आणि भरदिवसा तिचे डोळे मिटलेले होते. दिवसा डोळे मिटणे हे या जातीत वाईट लक्षण. भावाने सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात फोन लावला. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि सांगितले, की ऊब आणि पाणी चालू ठेवा, खोलीत कोणी जाऊ नका. सोमवार सकाळपर्यंत अंडी आली नाहीत तर घेऊन या. इंजेक्शन द्यावे लागेल, कदाचित ऑपरेशनही. "ऑपरेशननंतर..." असे भाऊ विचारू लागला आणि पलीकडचे उत्तर ऐकून नुसते "हो, हो" म्हणत राहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दोष रातकिड्याचा नव्हता. भागवतात नृग राजाची कथा आहे. मोठा दानशूर राजा. दान दिलेली एक गाय चुकून त्याच्या कळपात परत आली आणि त्याने ती दुसऱ्याच ब्राह्मणाला देऊन टाकली. एवढ्या नजरचुकीपायी तो कृकलास, म्हणजे सरडा, होऊन विहिरीत पडला, तो श्रीकृष्णाने बाहेर काढीपर्यंत. ही शिक्षा मला नेहमी फार कडक वाटत आली होती. नजरचूक ती केवढी, आणि दंड केवढा! पण त्या रात्री मी हिशेब केला. मुलाने आपल्याला येत असलेली सगळी मराठी गोळा करून मला एक गोष्ट सांगितली होती. मी तिचे व्याकरण पाहिले. तो बुधवारी परत येईल आणि रिकामा पिंजरा पाहील, तेव्हा मी कोणत्या भाषेत काय सांगणार होतो?

रविवारी पहाटे मी उठलो, अंधारातच गळतीचे भांडे भरले, सातला हात पडद्याबाहेर ठेवून दिवे लावले आणि खोलीबाहेर येऊन दाराकडे पाठ करून बसलो. नऊ वाजले. दहा वाजले. सौ.ने चहा आणून दिला, तो निवला. अकराच्या सुमारास मागून बारीक आवाज आला. खर्र. मग थोडी शांतता. पुन्हा खर्र, खर्र. मी मान वळवली नाही. आयुष्यात पर्यवेक्षण पुष्कळ केले, पण पाठ करून बसण्याचे पर्यवेक्षण हे पहिलेच. दुपारभर तो आवाज आत आत, खोल जात राहिला. संध्याकाळी सातला दिवे मालवले, तेव्हा आवाज नव्हता. ती बोगद्यातच होती.

सोमवारी सकाळी सौ. आत गेली आणि हसत बाहेर आली. वाळू वरून सारखी केलेली, पायांनी चोपून बसवलेली. मिरची वरच्या फांदीवर बसली होती. पोट पार खपाटीला गेलेले, अंगाला माती, रंग फिकट. गळतीच्या पानाखाली तोंड धरून ती किती वेळ पाणी पीत होती कोण जाणे! आम्ही मोजत उभे राहिलो आणि मोजणे विसरलो. वाळूतून चौतीस अंडी निघाली, पांढरी, लांबट, करवंदाएवढी. ती फलित नव्हती, त्यांतून काही निघायचे नव्हते. तरी सौ.ने ती टाकू दिली नाहीत. "त्याला येऊन मोजू दे," म्हणाली. त्या दिवशी तिने दुपारी शिरा केला. मिरचीला जास्वंदीचे फूल दिले.

बुधवारी ईशान पाठीवरची पिशवी न उतरवता वर धावला. मी मागोमाग गेलो आणि सगळे सांगितले. दिवे मालवले ते, तीनदा उचलले ते, आणि साडीची कड बाजूला केली तेही. त्याने अंडी मोजली. मिरचीकडे बराच वेळ पाहिले. मग, दहा दिवसांनी प्रथमच, तो माझ्याशी मराठीत बोलला.

"मी तिला कमी खायला देतो, म्हणून चौतीस. काही काही लोकांच्या मिरचीला ऐंशी होतात." मग थोडे थांबून, "काका, रविवारी तू नाही बघितलंस?"

"नाही. पाठ करून बसलो होतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्याने हात पुढे केला. मला वाटले, हात मिळवायचा आहे. पण त्याने माझ्या खिशातले लाल पेन काढून घेतले आणि माझी दैनंदिनी उघडली.

इथे शास्त्राचा एक मुद्दा सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढची दुरुस्ती कळायची नाही. हा प्राणी पाठीमागच्या पानासारखा रंग घेतो, अशी आपली सर्वांची समजूत आहे. ती खरी नव्हे. तो निवांत असला की हिरवा असतो, आणि हिरवा रंग झाडात लपतो, एवढेच. रंग बदलतो तो थंडीने, उन्हाने, भीतीने, रागाने, आणि दुसऱ्याला काही सांगायचे असेल म्हणून. जिनीव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका जातीवर हे तपासून पाहिले. कातडीच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. प्राणी शांत असताना ते स्फटिक जवळ जवळ असतात, खवळला की त्यांच्यातले अंतर वाढते, आणि अंतर बदलले की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणजे आपण ज्याला ढोंग्याचे लक्षण म्हणून वर्गात शिकवतो, ते त्या बिचाऱ्याचे मनातले सगळे अंगावर आणणे आहे. आपल्यापैकी किती जणांना हे जमते?

ईशानने माझी दैनंदिनी ओळीओळीने तपासली. 'मिरची रागावली' यावर काट मारून त्याने लिहिले, 'रागावली नाही. थंडी.' 'पळून जायला पाहते' यावर काट मारून, 'जागा शोधते.' अशा सात चुका निघाल्या. आकडा समासात लिहिला. खाली शेरा दिला, 'प्रयतन बरा. पण शनीवारी बघितल ते चूकल.'

त्या एका ओळीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्याने पेन माझ्यापुढे धरले आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी पेन घेतले, त्याला टोपण लावले आणि खिशात ठेवले.